पोलादी सायकलीचा कैवार

ज्या पुण्यात सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला नसला किंवा तिन्हीसांज टळल्यावर दिवा लावलेला नसला तर चौकातला शिपाई स्वाराला खाली उतरवीत असे, आणि जेथे महाविद्यालयाच्या प्राध्यापकापासून खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगारापर्यंत सर्वांचे दैनंदिन दळणवळण या दोन चाकांवरच चालत असे, त्याच पुण्यात मोटारींच्या गर्दीला कंटाळून पुन्हा सायकलीने कचेरी गाठू पाहणारा एक नवा वर्ग अलीकडे दिसू लागला आहे, ही संतोषाची गोष्ट होय. मात्र हा गृहस्थ दुकानात शिरला की सायकल एका हाताने उचलून पाहतो आणि तिच्या वजनाची चौकशी करतो; आणि निवडीची दिशा, माझ्या मते, याच क्षणी चुकते.

हिशेबच मांडावयाचा तर स्वाराचे सत्तर किलो, डबा, लॅपटॉप आणि कुलूप यांचे पाच-सहा, आणि सायकलीचे अकरा-बारा, अशी बेरीज नव्वदीच्या जवळ जाते. चांगल्या पोलादी सांगाड्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा घेतल्याने यातून फार तर किलोभर वजन घटते, म्हणजे एकंदर ओझ्याच्या शंभरांत एखादाच हिस्सा. एवढ्या सवलतीने चांदणी चौकाचा चढ सुसह्य होईल अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी प्रथम आपल्या पिशवीची झडती घ्यावी.

पोलाद म्हटले की वाडवडिलांची वीस किलोच्या घरातली काळी सायकल डोळ्यांपुढे उभी राहते, आणि या धातूविषयीचा पूर्वग्रह तेथूनच आलेला आहे. वस्तुतः नळीच्या ज्या टोकांवर सांध्याचा ताण पडतो तेथे जाडी राखून मधला भाग पातळ करण्याची युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कारखान्याने १८९७ सालीच पेटंट करून घेतली होती, आणि त्याच कारखान्याच्या १९३५ सालच्या ‘५३१’ या नळ्यांवर पुढे कित्येक दशके युरोपातल्या शर्यती जिंकल्या गेल्या. आज ज्याला क्रोमोली म्हणतात ते क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद याच परंपरेतले असून, त्याच्या नळीचा मधला भाग कधी कधी अवघा ०.६ मिलिमीटर जाडीचा असतो. स्वस्त सायकलींतले साधे पोलाद निराळे आणि हे निराळे. तेव्हा केवळ ‘स्टील’ एवढ्या शब्दावर समाधान न मानता तिन्ही मुख्य नळ्या क्रोमोलीच्या आहेत की एकच, याची खातरजमा करून घ्यावी.

पोलादाच्या कैवाऱ्यांचा एक आवडता दावा मात्र मला मान्य नाही. पोलाद रस्त्याचे हादरे पिऊन टाकते, असे ते मोठ्या श्रद्धेने सांगतात. हादरे पितो तो मुख्यत्वे टायर. म्हणून माझ्या लेखी सायकल पारखण्याचा खरा निकष नळीत नसून चिमट्यात आहे: पुढच्या चिमट्यात आणि मागच्या चाकाच्या बगलेत मडगार्डसकट किमान ३२ मिलिमीटरचा टायर मोकळेपणाने फिरतो की नाही, हे पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. शर्यतीच्या कित्येक सायकलींना २५ मिलिमीटरचा टायर असतो आणि त्यात शंभर पौंडांच्या आसपास हवा भरावी लागते. तो टायर आपल्या गतिरोधकांवर, उखडलेल्या फरशांवर आणि रस्त्याच्या पातळीशी कायमचे वैर धरून बसलेल्या गटारांच्या झाकणांवर चालविणे म्हणजे स्वतःच्या मनगटांना निष्कारण शिक्षा देणे आहे. रुंद टायर साठ-पासष्ट पौंडांवर चालतो आणि पंक्चरही कमी होतो. शिवाय शर्यतीच्या सायकलीचे मागचे चाक बैठकीखाली इतके आत ओढलेले असते की कॅरियरला टांगलेल्या पिशवीवर दर फेऱ्याला टाच आपटते. कॅरियरसाठी सांगाड्याला आट्यांची भोके बहुधा नसतातच. कचेरीला जाणाऱ्याला या सर्व गोष्टींचे प्रयोजन आहे, आणि त्या पोलादी सायकलींत अधिक सुलभपणे आढळतात, कारण त्या बनविणारे ग्राहक म्हणून आजही प्रवाशाला डोळ्यांपुढे ठेवतात.

पोलादाचा खरा गुण दुरुस्तीत आहे. एका मर्यादेच्या आतला ताण ते कितीही वेळा सोसते, अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. आणि तडा गेलाच तर तो बहुधा हळूहळू वाढतो, दिसतो, आणि जाणत्या कारागिराकडून पितळेने जोडून घेता येतो. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांचा आस जेथे फिरतो तो भाग, जुन्या इंग्रजी आट्यांचा असेल तर आणखी उत्तम; मग चाकाचा आउट काढणारा, छर्रे बदलणारा कोपऱ्यावरचा सायकलवालाही तो सहज उघडू शकतो. कार्बनच्या सांगाड्यापुढे त्या बिचाऱ्याने काय करावे?

गंज हा पोलादाचा एकमेव गंभीर दोष, आणि तो आतून लागतो. बैठकीच्या दांड्याशेजारून पावसाचे पाणी नळीत उतरते आणि बॉटम ब्रॅकेटपाशी साचते. तेथे निचऱ्याचे भोक आहे की नाही ते पाहावे, पावसाळ्याच्या तोंडी दांडा उपसून आत पातळ तेल सोडावे, आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी हे वर्षातून दोनदा करावे. पावसातल्या ब्रेकचे म्हणाल तर रिमवर घासणारे ब्रेक चिखलातली वाळू घेऊन रिमच खातात. जुलैतही सायकल बंद न ठेवणाऱ्याने डिस्क ब्रेकच घ्यावेत.

आणि मडगार्ड दुकानातच बसवून घ्यावेत. ‘मागाहून पाहू’ म्हणणारे सद्गृहस्थ आषाढात कचेरीच्या जिन्यावर मागून सहज ओळखू येतात; सदऱ्यावर कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा असतो, आणि त्यांना तो दिसत नसल्यामुळे ते इतरांपेक्षा बरेच प्रसन्न असतात.