वेस्तेरोसहून येणारी फी

स्वीडनमधल्या वेस्तेरोस शहरात हिल्डे बाक नावाच्या एक बालवाडी शिक्षिका राहत. १९७०च्या दशकात त्यांनी केनियातल्या एका मुलाची फी भरायला सुरुवात केली. सत्राला साधारण १५ डॉलर. मुलाचं नाव क्रिस म्बुरू. मिताहातो हे त्याचं गाव. पोरगा हुशार, पण घरी फीला पैसे नाहीत. ही फी येत राहिली म्हणून तो शिकला, नैरोबी विद्यापीठात कायदा शिकून पुढे हार्वर्डला गेला आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये मानवी हक्कांचं काम करू लागला.

पंधरा डॉलरनी एवढं होतं, याचं नवल वाटतं. पण असे पैसे नेमके कुठे लागतात हे पाहिलं की उलगडा होतो. केनियात प्राथमिक शाळेची फी माफ झाली ती २००३ साली. त्या वर्षी दहा लाखांहून अधिक मुलं नव्याने वर्गात येऊन बसली. पण खरी अडचण असे ती आठवीनंतरची. आठवीअखेर ५०० गुणांची परीक्षा असे (ती २०२३मध्ये शेवटची झाली). चांगले गुण मिळाले की चांगल्या माध्यमिक शाळेत प्रवेश, आणि अशा शाळा बहुतेक निवासी. प्रवेशपत्रासोबत यादी येते: फी, गणवेश, गादी, सामानाची पत्र्याची पेटी. मजुरीवर चालणाऱ्या घरात मुलीच्या निकालाचा आनंद त्या यादीपर्यंतच टिकतो.

त्यातून कसाबसा प्रवेश घेतला तरी अडचण संपत नाही. फी थकली की विद्यार्थ्याला घरी पाठवायचं, ही तिथल्या शाळांची जुनी रीत. मूल पैसे आणायला घरी येतं. आईबाप नातेवाइकांकडे, चर्चमध्ये शब्द टाकतात, गाव वर्गणी गोळा करतं. या वर्गणीला तिथे ‘हरांबे’ म्हणतात. त्यात आठवडे जातात. मूल परततं तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. असं दर सत्राला झालं तर किती हुशारी पुरणार? म्हणून मला वाटतं, रकमेपेक्षाही ती वेळेवर आणि न चुकता येणं मोलाचं. बाक यांनी नेमकं तेच केलं.

बाक ज्यू होत्या, मूळच्या जर्मनीच्या. ज्यू म्हणून नाझी राजवटीत त्यांची शाळा सुटली. त्या स्वीडनला निसटल्या. आईवडील छळछावण्यांत गेले. म्बुरू यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. २००१च्या सुमारास आपल्या गावच्या मुलांसाठी त्यांनी शिक्षणनिधी उभा केला, त्याला बाक यांचं नाव द्यायचं ठरवलं, आणि त्या कुठे आहेत हे स्वीडनच्या दूतावासामार्फत शोधून काढलं. वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या या माणसाचं शिक्षण वंशद्वेषाने शाळा गमावलेल्या बाईंच्या पैशातून झालं होतं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

एका म्बुरूंवरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण २०१३ साली ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या, त्यात केनिया आणि भारतही, दहा हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी एका मोठ्या संस्थेमार्फत प्रायोजक मिळालेल्यांची तुलना त्यांनी थोरल्या भावंडांशीही केली. योजना गावात आली तेव्हा या भावंडांचं त्यात बसण्याचं वय उलटून गेलं होतं. प्रायोजक मिळालेली मुलं एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती, आणि माध्यमिक शिक्षण पुरं करणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १८ टक्के अंकांनी वाढलं होतं. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेल्या भावंडांत पडलेला हा फरक आहे.

तरीही फोटो बघून मूल निवडायचं, मग त्याच्याकडून आभाराची पत्रं यायची, या पद्धतीला माझा विरोध आहे. आपल्याकडे वार लावून जेवत शिकलेल्या पिढीने मिंधेपणाचा घास काय असतो ते अनुभवलंय. परदेशी दात्यासाठी पत्र लिहिणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या मनावरही तेच ओझं येतं. शिवाय पत्र आलं म्हणजे पैसे पोचले, असंही नाही. १९९८ साली ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदारांनी आपणच प्रायोजित केलेल्या मुलांचा शोध घेतला, तेव्हा काहींना फारसं काही मिळालेलंच नव्हतं. मालीतली एक मुलगी तर केव्हाच वारली होती.

निवड तिथल्या माणसांच्या हाती असावी. १९५९मध्ये केनियाचे नेते टॉम म्बोया यांनी ८१ विद्यार्थी विमानाने अमेरिकेला शिकायला पाठवले, तेव्हा पैसे जमवायला जॅकी रॉबिन्सन, हॅरी बेलाफोंटे यांच्यासारखे नामवंत अमेरिकन होते. पण पुढाकार केनियातल्या माणसाचा होता. पुढच्याच वर्षी अशा मदतीतून केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई गेल्या. म्बुरूंचा निधीही त्याच वळणाचा. त्यावरच्या ‘अ स्मॉल ॲक्ट’ (२०१०) या माहितीपटात म्बुरूंच्या गावच्या शाळेतली मुलं परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली दिसतात. शिष्यवृत्त्या मोजक्या, गुणांची अट कडक. घरकाम करून, रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास करणाऱ्या मुलीचे थोडे गुण कमी पडले तर तिला नाही म्हणणं मला पटत नाही. अशा ठिकाणी गुणपत्रिकेआधी शिक्षकांना विचारावं.

आणि दात्यांनी आपले पैसे एका मुलाच्या नावावर न टाकता सामायिक निधीत टाकावेत. माध्यमिकची वर्षं हा मोठा काळ असतो. तेवढ्यात कुणाची नोकरी जाते, कुणी आजारी पडतं, कुणी विसरतं. सामायिक निधी असला की एकाचा हात आखडला तरी दुसऱ्याच्या पैशातून मुलीची फी वेळेवर भरली जाते, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पेटी उचलून घरी जायची वेळ तिच्यावर येत नाही.