पहिल्या पावलाला जागा हवी

देव आनंद म्हटले की आपल्याला ‘गाईड’ आठवतो, ‘ज्वेल थीफ’ आठवतो. परंतु ‘हम एक हैं’ हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले असेल? पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या १९४६ सालच्या या हिंदी बोलपटातून देव आनंद प्रथम पडद्यावर आला. दिग्दर्शक होते प्यारेलाल संतोषी, संगीत हुस्नलाल-भगतराम यांचे. निरनिराळ्या धर्मांच्या अनाथ मुलांना एकाच घरात वाढविणाऱ्या जमीनदारीणबाईंची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली होती. फाळणी वर्षभरावर आली असताना काढलेला हा ऐक्याचा बोलपट आज विस्मृतीत गेला आहे.

याच बोलपटात नृत्ये बसविणारा व साहाय्यक दिग्दर्शक म्हणून राबणारा तरुण होता गुरुदत्त. दोघांची मैत्री प्रभातमध्येच जमली. पुढे देव आनंदच्या नवकेतन संस्थेने ‘बाजी’चे (१९५१) दिग्दर्शन गुरुदत्तकडे सोपविले, तर गुरुदत्तने आपल्या ‘सी.आय.डी.’मध्ये (१९५६) देव आनंदला नायक केले.

लक्षात घ्या, तेव्हा प्रभातचे वैभव ओसरू लागले होते. व्ही. शांताराम १९४२ सालीच बाहेर पडले होते. तरीही त्या संस्थेने अननुभवी पोरांना जागा दिली, आणि तीही दुर्गाबाईंसारख्या मुरलेल्या अभिनेत्रीच्या शेजारी!

आणि आपण काय करतो? स्नेहसंमेलन जवळ आले की दरवर्षी तीच ठरावीक नावे पुढे येतात. साखरशेतसारख्या गावातून आलेला, तारप्याच्या तालावर रात्र जागविणारा, बोहाड्यात सोंग नाचविणारा विद्यार्थी निवडीच्या वेळी मागच्या बाकावर गप्प बसतो. ‘आपली भाषा शुद्ध नाही, लोक हसतील,’ ही भीती त्याच्या मनात असते. नवख्यांना घेतले तर कार्यक्रमाचा दर्जा घसरेल, असे काहीजण म्हणतील. त्याला उत्तर प्रभातनेच दिले आहे: नवख्याला अनुभवी माणसाच्या जोडीला उभे करावे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यापुढे प्रत्येक नाटिकेत आणि प्रत्येक नृत्यात निदान दोन विद्यार्थी रंगमंचावर प्रथमच येणारे असावेत. त्यांतून देव आनंद निघेलच असे नाही. पण मागच्या बाकावरचा एखादा मित्र उठून पुढे आला, तरी संमेलनाचे सार्थक झाले असे मी म्हणेन.