पार्टी संपते, यादी उरते: घरगुती विक्रीतली 'विश लिस्ट' नेमकी कशी चालते?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो. "शनिवारी दुपारी 4 वाजता आमच्याकडे किचनच्या वस्तूंचा डेमो आहे. घ्यायलाच हवं असं काही नाही, चहाला या." शनिवारी आठ-दहा जणी जमतात. डबे उघडून दाखवले जातात, कढई फिरते, पोहे होतात. आणि निघायच्या आधी प्रत्येकीच्या हातात एक छोटं कार्ड येतं. "ताई, आज घेऊ नका. फक्त काय आवडलं ते लिहून ठेवा."

घरगुती पार्टीतून माल विकण्याच्या धंद्यात हेच कार्ड सगळ्यात महत्त्वाचं आहे. याला म्हणतात विश लिस्ट, म्हणजे आवडीची यादी. ही यादी विक्री कशी वाढवते, तिचा फायदा कुणाला होतो, आणि त्यावर नाव-नंबर लिहिताना तुम्ही नेमकं काय देऊन बसता? सगळं सविस्तर पाहू.

आधी थोडा इतिहास: पार्टीत विक्री आली कुठून?

या पद्धतीला जगभर ओळख मिळवून दिली टपरवेअरने. अर्ल टपर या अमेरिकन माणसाने 1940 च्या दशकात हवाबंद झाकणाचे प्लास्टिकचे डबे बनवले. डबे चांगले होते, पण दुकानात खपत नव्हते. कारण साधं होतं. झाकण कसं लावायचं, हवा कशी काढायची, हे कुणीतरी हातात घेऊन दाखवल्याशिवाय लोकांना कळत नव्हतं.

ब्राउनी वाइज नावाची बाई मात्र हेच डबे घरोघरी बायका जमवून भराभर विकत होती. टपरने तिला कंपनीत घेतलं आणि 1951 मध्ये डबे दुकानांतून काढूनच टाकले. आता माल फक्त पार्टीतच मिळणार. 1954 मध्ये 'बिझनेस वीक' या मासिकाच्या मुखपृष्ठावर वाइज झळकली. त्या मुखपृष्ठावर येणारी ती पहिली महिला होती. पुढे 1958 मध्ये कंपनीने तिलाच बाहेरचा रस्ता दाखवला. पण तिची पद्धत टिकली.

भारतात या पद्धतीचा जोर वाढला तो उदारीकरणानंतर. 1990 च्या दशकात ओरिफ्लेम, ॲमवे, टपरवेअर अशा कंपन्या इथे आल्या. टपरवेअर 1996 मध्ये आली आणि मध्यमवर्गीय घरांत 'टपरवेअरचा डबा' हा शब्दच रूढ झाला.

महाराष्ट्रात तर बायकांनी एकमेकींकडे जमायची सवय आधीपासूनच होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू, महिन्याची भिशी, मंगळागौर, डोहाळजेवण. कंपन्यांना नवी गर्दी जमवावी लागली नाही. जमलेल्या गर्दीत फक्त डबे आणायचे होते.

काशीगावसारख्या ठिकाणी हे का चालतं?

मीरा-भाईंदरमधलं काशीगाव घ्या. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतचं हे जुनं गाव. शेजारच्या मीरागावाशी नाव जोडून या भागाला काशीमीरा म्हणतात. मीरा-भाईंदरची महापालिका 2002 मध्ये झाली आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8 लाखांच्या वर गेली होती. आता दहिसर पूर्व ते काशीगाव हा मेट्रो 9 चा पहिला टप्पा आहे. त्याची चाचणी 14 मे 2025 रोजी झाली. जुनी घरं, चाळी आणि टॉवर असं सगळं इथे शेजारी शेजारी आहे.

अशा उपनगरात घरगुती विक्रीला लागणाऱ्या तीन गोष्टी आपोआप जमून येतात. पहिली, सोसायटी. एका गेटच्या आत शेकडो घरं आणि सगळ्यांचा एक ग्रुप. दुसरी, नवीन शेजार. दुसरीकडून राहायला आलेल्या कुटुंबांना ओळखी हव्या असतात, त्यामुळे चहाचं आमंत्रण सहसा कुणी टाळत नाही. तिसरी, वेळेचं गणित. मुंबईला नोकरीसाठी जायचं म्हटलं तर दिवसाचे काही तास प्रवासातच जातात. लहान मूल किंवा घरात आजारी माणूस असेल, तर बाईला हे जमत नाही. मग घराजवळ, स्वतःच्या वेळेत करता येईल असं काम ती शोधते. डबे, मेकअप, साड्या, मसाले, इमिटेशन ज्वेलरी, जे मिळेल ते.

म्हणजे गंमत म्हणून सुरू झालेल्या या पार्टीमागे कुणाच्या तरी घरखर्चाचा प्रश्न असू शकतो. विश लिस्टचं महत्त्व इथूनच सुरू होतं.

गणित समजून घेऊ

एक काल्पनिक उदाहरण धरू. पार्टीला 10 जणी आल्या. त्यातल्या 6 जणींनी प्रत्येकी 800 रुपयांची खरेदी केली. विक्री झाली 4,800 रुपये. विकणाऱ्या ताईंना 25 टक्के मार्जिन धरलं तर हातात आले 1,200. त्यातून जिच्या घरी पार्टी झाली तिला 500 रुपयांची भेटवस्तू आणि रिक्षा-खाण्याचे 300 वजा करा. उरले 400 रुपये. तयारी, डेमो, आवराआवर धरून अख्खा दिवस गेला.

आता यात विश लिस्ट आणा. दहाही जणींनी आवडलेल्या वस्तू लिहिल्या आणि प्रत्येकीची यादी 3,000 रुपयांची झाली. एकूण 30,000. त्यातली 4,800 ची खरेदी त्याच दिवशी झाली, म्हणजे यादीत उरले 25,200. पुढच्या तीन महिन्यांत त्यातला फक्त पाचवा हिस्सा खपला तरी विक्री होते 5,040 रुपये आणि मार्जिन 1,260. यासाठी नवी पार्टी नाही, नवी भेटवस्तू नाही. माल पोचवायलाही लिफ्टने दोन मजले चढायचे. त्याच एका दुपारची कमाई 400 वरून 1,660 वर गेली. चौपटीहून जास्त.

म्हणूनच या धंद्यातले जुने लोक नव्यांना हेच शिकवतात की पार्टीतली विक्री ही सुरुवात असते, खरा धंदा यादीवर होतो.

यादी नेमकी कशी वापरली जाते?

1. आधी लिहायला लावणं. कार्ड डेमोच्या शेवटी देण्यापेक्षा सुरुवातीलाच दिलं जातं. वस्तू हातात असताना ती आवडलेली असते. तासाभराने चहा पिताना नाव आठवत नाही. शिवाय "घ्या" म्हटलं की माणूस पाकीट आठवतो, "लिहा" म्हटलं की आवड आठवतो. त्यामुळे यादी नेहमी बजेटपेक्षा मोठी होते.

2. पुढची पार्टी बुक करणं. यादीची बेरीज 3,000 आणि बजेट 800 असेल, तर लगेच प्रस्ताव येतो. "तुमच्याकडे पार्टी ठेवा, होस्ट म्हणून यातल्या एक-दोन वस्तू भेट मिळतील." पार्टीची साखळी अशीच पुढे सरकते.

3. सणावर नजर. पाडव्याची ओवाळणी, भाऊबीज, राखी, लग्नाचा वाढदिवस, बारसं. यादीवर तारखा असतील तर घरच्या माणसाला सुचवता येतं. "दादा, वहिनींनी तो सेट लिहून ठेवला होता." काय द्यावं या विवंचनेत असलेल्या नवऱ्याची किंवा भावाची सोय होते आणि विक्रीही होते.

4. ऑफरची वाट पाहणं. यादीतल्या वस्तूवर सूट आली की फक्त त्याच ग्राहकाला फोन. सगळ्या ग्रुपवर रोज फोटो टाकून म्यूट होण्यापेक्षा हा एक फोन जास्त काम करतो.

5. माल अंगावर न पडणं. घरगुती विक्रीत अनेकींचे पैसे बुडतात ते न खपलेल्या मालात. बेडखाली खोके पडून राहतात. दहा याद्यांमध्ये आठ जणींनी एकच डबा लिहिला असेल, तर काय मागवायचं आणि काय नाही हे आधीच कळतं.

पण लोक खरेदी का करतात? वस्तूसाठी की नात्यासाठी?

याचा अभ्यास झालेला आहे. जोनाथन फ्रेन्झेन आणि हॅरी डेव्हिस यांनी 1990 मध्ये घरगुती पार्ट्यांवर संशोधन प्रसिद्ध केलं. खरेदीचा निर्णय होताना वस्तूच्या आवडीपेक्षा यजमानीणबाईंशी असलेल्या नात्याचा जोर जास्त असतो, असं त्यातून दिसलं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनीही लोक 'हो' का म्हणतात हे समजावताना टपरवेअर पार्टीचं उदाहरण दिलं आहे. चहा-पोहे खाल्ले, भेट घेतली, आता काहीच न घेता निघायचं कसं? आणि एकदा स्वतःच्या हाताने "मला हे हवंय" लिहिलं की त्यापासून मागे हटणं जड जातं.

म्हणजे यादीला दोन बाजू आहेत. चांगली बाजू अशी की ती त्या दिवशीचं दडपण कमी करते. ज्या बाईकडे महिनाअखेरीस पैसे नाहीत, तिला "नंतर बघू" म्हणायची सन्मानाची वाट मिळते. वाईट बाजू अशी की तेच दडपण पुढचे तीन महिने पुरतं. फोन करणारी परकी टेलिकॉलर असती तर कट करता आला असता. ही तर रोज लिफ्टमध्ये भेटणारी शेजारीण. नाही म्हणून म्हणून शेवटी लोक दोनच गोष्टी करतात, नको असताना घेतात किंवा भेटणं टाळतात. दुसरी गोष्ट झाली की गिऱ्हाईकही जातं आणि शेजारही.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम 2021 हे डिसेंबर 2021 मध्ये लागू केले. कंपनीच्या वतीने विकणाऱ्यांसाठी त्यात स्पष्ट अटी आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीकडून आणि कशासाठी आलो हे सांगायचं. किंमत, परतावा, बदलून देण्याचं धोरण, गॅरंटी याची पूर्ण माहिती द्यायची. ग्राहकाने दिलेल्या संवेदनशील वैयक्तिक माहितीचं संरक्षण करायचं. पिरॅमिड योजनेवर, म्हणजे माल विकण्याऐवजी माणसं जोडून पैसे मिळवण्यावर, बंदी आहे.

ही शेवटची अट महत्त्वाची. एप्रिल 2022 मध्ये ईडीने ॲमवे इंडियाची सुमारे 757 कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केली, तेव्हा आरोप हाच होता की थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड चालतो. म्हणून यादीनंतरचा फोन "तुमचा डबा आलाय" असा असेल तर तो विक्रीचा. "आमच्या टीममध्ये या, खाली माणसं जोडा" असा असेल, तर ते कार्ड ग्राहकासाठी नसून भरतीसाठी होतं असं समजायला हरकत नाही.

दुसरा कायदा माहितीचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. हा कायदा डिजिटल माहितीचा आहे. कागदी कार्ड वहीत राहिलं तर गोष्ट वेगळी. पण त्याचा फोटो काढला, एक्सेलमध्ये भरलं, कंपनीच्या ॲपवर टाकलं की माहिती डिजिटल झाली. मग ती कशासाठी घेतली हे सांगून संमती घेणं आणि त्याच कामासाठी वापरणं, हे या कायद्याचं मूळ तत्त्व आहे. आणि संमती दिलेल्याला ती मागेही घेता येते.

आता पुन्हा ही चर्चा का?

कारण ज्या कंपनीने हा खेळ मोठा केला तिलाच तो पुरला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये टपरवेअरने अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. ऑनलाइन खरेदी, स्वस्त पर्याय, प्लास्टिकबद्दलची नाराजी, कर्जाचा बोजा अशी अनेक कारणं होती. नंतर ब्रँड कर्ज देणाऱ्यांच्या गटाकडे गेला. पुढे ज्या बाजारांवर भर द्यायचा ठरलं, त्यात भारताचंही नाव आहे.

गंमत म्हणजे ज्या ऑनलाइन दुकानांनी पार्टीचं गिऱ्हाईक पळवलं, तीही विश लिस्टवरच चालतात. हार्टचं बटण दाबलं की दोन दिवसांनी नोटिफिकेशन येतं, "तुमच्या आवडीच्या वस्तूची किंमत उतरली." काशीगावातली ताई कार्डावर करते तेच. फरक एवढाच की ॲपला नाही म्हणायला संकोच वाटत नाही.

मग करायचं काय?

तुम्ही पाहुणी असाल तर यादीत तेच लिहा जे पूर्ण किमतीला घ्यायचीही तयारी आहे. मोबाईल नंबर देताना विचारा, हा कंपनीकडे जाणार का? नवऱ्याचा नंबर, मुलांचे वाढदिवस देण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. आणि नको असेल तर "बघू" म्हणू नका. "नको, यादीतून काढा" एवढं सांगा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.

तुम्ही विकत असाल तर कार्डावरच एक ओळ छापा, "मी फोन करू का? हो / नाही." नाही लिहिणारीला फोन करू नका. एका वस्तूसाठी एकदाच विचारा. पार्टीची भेट आणि तिची अट आधी सांगा. आणि मार्जिन मोजताना भेटवस्तू, रिक्षा, पडून राहिलेला माल आणि स्वतःचे तास धरूनच मोजा. कागदावर 25 टक्के दिसणारी कमाई बऱ्याचदा तिथेच आटते.

दहा कार्डांपैकी सात जणींनी "फोन करू नका" लिहिलं तरी बिघडत नाही. उरलेल्या तीन जणींना खरोखर काहीतरी हवं आहे, आणि बाकीच्या सात जणी पुढच्या हळदीकुंकवाला न बिचकता दार उघडतील.