मलमाला त्याचा तास द्या

माझ्या भाचीची मुलगी तीन वर्षांची आहे. डाव्या गालावर जन्मापासून लालसर-जांभळा डाग. "ग्रहण पाळलं नसशील," हे भाचीने बाळंतिणीच्या खोलीतच ऐकून घेतलं. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही. याला पोर्ट वाइन स्टेन म्हणतात. त्वचेतल्या केशवाहिन्या रुंदावलेल्या असतात. हजारात साधारण ३ बाळांना असा डाग असतो. वयाबरोबर तो अनेकदा गडद आणि जाड होतो, म्हणून लेझर लहानपणीच सुरू करतात. ५९५ नॅनोमीटरचा किरण रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि त्या उष्णतेने केशवाहिनी बंद पडते. दर ठोक्याला रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो, आणि बैठका एक-दोन नव्हे, अनेक लागतात.

पहिल्या बैठकीला तिच्या गालावर बधिर करणारं मलम लावलं आणि वीस मिनिटांत पुसलंही. बाहेर पेशंट खोळंबले होते. पहिल्याच ठोक्याला पोर किंचाळली. "मुलं रडणारच, घट्ट धरा," असं भाचीला सांगण्यात आलं. पुढच्या वेळी ती दवाखान्याच्या पायरीवरच बसली, आईच्या ओढणीत तोंड खुपसून, डावा गाल हाताने झाकून.

'मुलं रडणारच' या वाक्याचा मला मनापासून राग आहे. नवजात बाळांना वेदना नीटशा कळतच नाहीत, या समजुतीने १९८०च्या दशकापर्यंत त्यांच्यावर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये संशोधन करून १९८७ साली ही समजूत खोटी ठरवली. मग आज तीन वर्षांच्या मुलीला घट्ट धरून का भागवायचं?

बधिर करणाऱ्या या मलमात सहसा लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधं प्रत्येकी २.५ टक्के असतात. जाड थर देऊन वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि निदान तासभर थांबायचं. तासाभरात औषध साधारण ३ मिलिमीटर खोल उतरतं. वीस मिनिटांत काम अर्धवटच होतं. त्वचा पांढुरकी दिसली तर घाबरू नये. डाग मोठा किंवा डोळ्याजवळ असेल तर मलम पुरत नाही. डॉक्टरांनी पूर्ण भूल सुचवली तर त्यात कमीपणा कसला?

पण म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणून घरीच थापू नका. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, तेही १० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे पाच रुपयांच्या दोन-अडीच नाण्यांएवढ्या जागेवर, आणि एका तासापेक्षा जास्त नाही. एक ते सहा वर्षांच्या, १० किलोंहून जास्त वजनाच्या मुलाला १० ग्रॅम ही कमाल मर्यादा. मोठी ट्यूब ३० ग्रॅमची येते, हे लक्षात घ्या. प्रिलोकेन जास्त झालं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ निळसर पडतात. तान्ह्या बाळांना हा धोका अधिक. अमेरिकेत लेझरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं मलम फासून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी दगावल्या. त्यानंतर २००७मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला होता.

भाचीने आता दवाखाना बदलला आहे. तिथली नर्स तासभर आधी बोलावते, वजन करते, मलम लावून पट्टीवर वेळ लिहिते, आणि मुलीच्या बाहुलीच्या गालालाही एक पट्टी लावते. त्या तासात मुलगी चित्रं रंगवते.

तुमच्या मुलाच्या लेझरची वेळ ठरवताना दोन प्रश्न जरूर विचारा: मलम किती ग्रॅम लावणार, आणि किती वेळ ठेवणार? नीट उत्तर मिळेपर्यंत मुलाला टेबलावर झोपवू नका.