हुर्यो कुणाची, शिस्त कुणाला?



१ एप्रिल २०२४ रोजी वानखेडे स्टेडियमवर मुंबई इंडियन्सचा त्या मोसमातला घरचा पहिला सामना होता. नाणेफेकीसाठी कर्णधार हार्दिक पंड्या मैदानात आला आणि सगळ्या स्टँडमधून त्याची हुर्यो सुरू झाली. आपल्याच मैदानावर, आपल्याच संघाच्या कर्णधाराची! शेवटी माइक हातात घेऊन उभ्या असलेल्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं, नीट वागा.

रागाचं कारण सर्वांना ठाऊक होतं. १५ डिसेंबर २०२३ला मालकांनी रोहित शर्माला बाजूला करून हार्दिकला कर्णधार नेमलं होतं. रोहितच्या नेतृत्वाखाली हा संघ पाच वेळा जिंकला होता. निर्णय कंपनीचा, तो जाहीर झाला कंपनीच्या पत्रकातून. ज्यांनी वर्षानुवर्षं तिकिटं काढली, निळे सदरे घातले, त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या हातात उरला तो फक्त गळा. तो त्यांनी वापरला. मग बातम्या आल्या की हुर्यो उडवणाऱ्यांवर कारवाई होणार, बंदोबस्त वाढणार. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याचा इन्कार केला. पण पुढचे कितीतरी दिवस वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर एकच चर्चा चालली, प्रेक्षकांनी कसं वागावं?

‘बायकांच्या अंकात आयपीएलचं काय काम?’ असं काहीजणींना वाटेल. मालक अब्जाधीश, खेळाडू कोट्यधीश, प्रेक्षक बहुतेक पुरुष. त्यांचं ते बघून घेतील! मला मात्र वाटतं की या भांडणात आपला एक प्रश्न दडलेला आहे. गर्दीचं कुठलं वागणं गैर, हे कोण ठरवतं? आणि ते ठरवताना बाईचा विचार कुठे असतो?

मालक आणि प्रेक्षक यांचं भांडण या शहराला नवं नाही. वानखेडे स्टेडियम मुळात खुर्च्यांच्या भांडणातूनच उभं राहिलं. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथे कसोटी सामन्याच्या वेळी आपल्या वाट्याला किती जागा, यावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनचं क्लबशी बिनसलं आणि हाकेच्या अंतरावर १९७४ साली दुसरं स्टेडियम बांधलं गेलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७५मध्ये, तिथल्या पहिल्या कसोटीत क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकानंतर त्याचं अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला. पोलिसांनी त्याला बदडलं आणि स्टँड पेटून उठले. तेव्हाही अग्रलेखांचा विषय ‘प्रेक्षकांची बेशिस्त’ हाच झाला असणार. लाठीची बेशिस्त कुणी मोजत नाही.

म्हणून आधी स्पष्ट म्हणायला हवं की हुर्यो हा गुन्हा नाही. मालकाचा निर्णय पटला नाही तर तो ओरडून सांगणं, हा तिकीट काढणाराचा हक्क आहे. मालकांना आरडाओरडा तसा फार आवडतो. ढोल, झेंडे, भोंगे यांच्यावरच तर त्यांचं दुकान चालतं. तोच गळा उलटा फिरला की त्याला बेशिस्त म्हणायचं, हे कसं? शिवाय हुर्यो कायमची नसते. त्याच वर्षी ४ जुलैला विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली, तेव्हा याच वानखेडेवर याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत सगळं फिरलं. ना कारवाई लागली, ना बंदोबस्त.

पण हुर्यो वेगळी आणि शिवी वेगळी. त्या मोसमात हार्दिकवरचा राग फक्त हार्दिकवर राहिला नाही. त्याच्या तेव्हाच्या पत्नीच्या सोशल मीडियावरच्या खात्यांवर लोक तुटून पडले. कप्तान नेमण्यात तिचा काय संबंध? २०१५च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात विराट कोहली एका धावेवर बाद झाला, तेव्हा खापर अनुष्का शर्मावर फुटलं. २०२१ साली भारत पाकिस्तानकडून हरला, तेव्हा त्याच्या वर्षाच्या आतल्या मुलीवर बलात्कार करण्याची धमकी दिली गेली. त्या प्रकरणी मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या एका तरुण इंजिनियरला पकडलं. हरतो पुरुष, चिडतो पुरुष, आणि सूड उगवायचा तो बाईच्या देहावर. ही रीत आपण दंगलीत पाहिली आहे, भावकीच्या भांडणात पाहिली आहे. नाक्यावरच्या शिव्यांत ती रोज ऐकतो. आईबहिणीवरून शिवी देणारा आपल्याला मारत नाही, आपल्याला मध्ये घेऊन दुसऱ्या पुरुषाला मारतो.

हे सगळं नावाजलेल्या घरांतलं, म्हणून त्याच्या बातम्या झाल्या. स्टँडमध्ये बसलेल्या साध्या मुलीचं काय? गेटवरच्या रेटारेटीत कुठे कुठे हात लागतात, मागच्या रांगेतून काय काय ऐकू येतं, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. लोकलने फिरणाऱ्या प्रत्येकीला ते पाठ आहे. त्यासाठी कधी ‘प्रेक्षकांनी कसं वागावं’ अशी आठवडाभर चर्चा झाली? हुर्योने मालकाच्या नावाला धक्का लागतो. मुलीच्या छेडछाडीने कुणाच्या नावाला धक्का लागतो? तिच्याच! म्हणून तीही गप्प बसते, पुढच्या वेळी भावाला सोबत नेते, नाहीतर जातच नाही.

मनात आणलं तर संघटना कडक होऊ शकतात. २०१२ साली वानखेडेवर सुरक्षारक्षकांशी झालेल्या वादावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनने शाहरुख खानला, म्हणजे चक्क दुसऱ्या संघाच्या मालकाला, पाच वर्षांची प्रवेशबंदी केली. ती पुढे २०१५मध्ये उठवली. नटसम्राट असो की मालक, नियम म्हणजे नियम. मग हाच नियम बाईच्या अंगाला हात लावणाऱ्याला का नको?

स्टेडियममधली बाई या देशात प्रेक्षक म्हणून आठवली जात नाही. जानेवारी १९६०मध्ये ब्रेबॉर्नवर अब्बास अली बेगचं अर्धशतक झालं तेव्हा एक तरुणी मैदानात धावली आणि तिने त्याचा मुका घेतला. साठ वर्षांहून अधिक काळ तो किस्सा चवीने सांगितला जातो. त्या दिवशी स्टँडमध्ये आणखी किती बायका खेळ बघत होत्या, त्यांना काय कळत होतं, हे कुणी सांगत नाही. आज टीव्हीचा कॅमेरा षटकाषटकाला स्टँडमधल्या देखण्या मुली टिपत फिरतो. तीही सजावटच. २००८ साली आयपीएल सुरू झाली आणि सीमारेषेपाशी नाचायला मुली आणल्या गेल्या. त्यांना प्रेक्षकांकडून घाणेरडं बोलणं ऐकावं लागलं. त्यावर आपल्या राज्याच्या तेव्हाच्या गृहराज्यमंत्र्यांना अश्लील काय वाटलं? त्या मुलींचा नाच! बोलणाऱ्यांची जीभ नव्हे. तीनच वर्षांपूर्वी, २००५ साली, याच राज्यात डान्स बारवर बंदी घालून हजारो बायकांची रोजीरोटी काढून घेतली होती. बघणाऱ्याची शिस्त लावायची तर नाचणारीला घरी पाठवायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय आहे.

आपल्याकडचाच नव्हे, जगभरचा. फुटबॉलचीच दोन उदाहरणं घ्या. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीनंतर पुरुषांच्या सामन्यांना बायकांना जवळजवळ बंदीच होती. समर्थन काय, तर तिथे पुरुष शिवीगाळ करतात, बायकांच्या कानांवर ते पडू नये. २०१९ साली पुरुषी वेशात सामना बघायला गेलेली एक तरुणी पकडली गेली. तुरुंगात जावं लागेल या धसक्याने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. त्यानंतर महिन्याभराने, १० ऑक्टोबरला, तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये बायकांना तिकीट काढून सामना बघता आला, तोही वेगळ्या कोंडवाड्यात.

शेजारच्या तुर्कस्तानात उलटंच झालं. फेनरबाचे क्लबच्या समर्थकांनी एका सामन्यात मैदानात घुसून गोंधळ घातला. शिक्षा म्हणून पुढचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायचे ठरत होते. मग फुटबॉल महासंघाने युक्ती काढली. पुरुषांना बंदी, फक्त बायका आणि बारा वर्षांखालची मुलं आत, तीही फुकट. २० सप्टेंबर २०११ला इस्तंबूलच्या त्या स्टेडियममध्ये चाळीस हजारांवर बायका-मुलं आली. पाहुण्या संघाचंही टाळ्यांनी स्वागत झालं. जगभर कौतुक झालं.

कौतुक करण्याआधी जरा थांबू या. एकीकडे पुरुष शिव्या देतात म्हणून बायका बाहेर. दुसरीकडे पुरुष दंगा करतात म्हणून बायका आत. दोन्हीकडे वागणं पुरुषांचं, आणि इकडून तिकडे हलवायचं ते बायकांना! एकीकडे आपण नाजूक काच, दुसरीकडे जंतुनाशक औषध. माणूस म्हणून, खेळ आवडतो म्हणून बसलेली बाई दोन्हीकडे नाही. आणि इस्तंबूलमध्ये बायकांचं येणं म्हणजे काय ठरलं? क्लबला झालेली शिक्षा!

आपल्या मुंबईतही सूर फार वेगळा नाही. २०२३ साली महिला प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा ब्रेबॉर्न आणि डी. वाय. पाटील स्टेडियमवर बायका-मुलींना प्रवेश फुकट होता. त्याच वर्षी १६ एप्रिलला मालकांच्या फाउंडेशनने वानखेडेवर सुमारे १९,००० मुलींना सामना बघायला बोलावलं. मुली नाचल्या, ओरडल्या, त्यांचा आनंद खरा होता. तो मोडून काढायचा नाही. पण पाहुणी म्हणून एक दिवस बोलावणं वेगळं आणि हक्काने दर आठवड्याला येता येणं वेगळं. बाई आली की वातावरण ‘कौटुंबिक’ होतं, असं मोठ्या अभिमानाने सांगतात. म्हणजे घरात सगळ्यांना सांभाळून घेणारी बाई स्टेडियमातही तेच करणार! तिने ओरडायचं नाही, मालकाची हुर्यो उडवायची नाही. ती शोभेची, नाहीतर शिस्तीची.

काही मैत्रिणी म्हणतील, हुर्यो थांबली तर बरंच की! त्याच उन्मादातून छेडछाड होते. ही भीती खोटी नाही. पण उन्माद कुणी तापवला तेही पाहू. ४ जून २०२५ला बंगळुरूमध्ये विजयोत्सवासाठी लोकांना समाजमाध्यमांवरून बोलावणं गेलं. चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटांवर चेंगराचेंगरी होऊन अकरा जण मेले. त्यांत तरुण मुली होत्या, एक शाळकरी मुलगी होती. त्या कुणाची हुर्यो उडवायला गेल्या नव्हत्या, आनंद करायला गेल्या होत्या. आपल्याकडच्या ४ जुलै २०२४च्या गर्दीतही माणसं घुसमटली, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं, दुसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्हवर चपलांचे ढीग होते. बाईला धोका घोषणेने होत नाही. मोजदाद न करता माणसं कोंबण्याने होतो, आणि हात टाकणाऱ्याला कुणी विचारणारं नसतं त्याने होतो. तोंड बंद करण्याचे अधिकार मालकांना दिले, तर उद्या तक्रार करणाऱ्या मुलीचंही तोंडच आधी बंद होईल.

कायदा आपल्या बाजूला आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत स्टेडियम आणि क्रीडासंकुलाचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. तिकीट तपासणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, खाणं विकणाऱ्या, सुरक्षेला उभ्या असलेल्या बायका तिथे कामाला असतात. बाहेरून येणाऱ्या लोकांपासूनही त्यांना सुरक्षित ठेवणं ही नेमणाऱ्याची जबाबदारी आहे. प्रेक्षक बाईसाठी फौजदारी कायद्यातली कलमं आहेतच. पण ती वापरायला स्टँडमध्ये कुणीतरी ऐकणारं हवं.

म्हणून संघमालक आणि असोसिएशन यांच्यापुढे आपण सरळ मागण्या ठेवू या. प्रत्येक स्टँडमध्ये महिला रक्षक आणि तक्रार घेणारं टेबल असावं, त्याची पाटी मराठीत ठळक असावी. छेडछाड करणाराला बाहेर काढून पुढच्या सामन्यांना बंदी करावी. बायकांची संडास पुरेशी आणि पाण्याची असावीत. पिण्याचं पाणी फुकट मिळावं, कारण बाटली तुम्ही गेटवर काढून घेता. पॅड आणि औषधांची पिशवी अडवू नये. रात्री साडेअकराला सामना सुटतो तेव्हा चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या वाटेवर दिवे आणि पोलीस असावेत. आणि मालकावर ओरडणाऱ्याला हात लावू नये, मग ओरडणारी बाई असो की पुरुष.

चर्नी रोडपासून मरीन लाइन्सपर्यंत समुद्राकाठी ओळीने जिमखाने आहेत आणि त्यांच्या पुढे वानखेडे. गिरगावातल्या चाळींतून तिथे चालत अर्ध्या तासात पोचता येतं. तिथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या ही वाट चालत सामन्यांना गेली. पोरींनी गॅलरीतून दिवे बघितले आणि ओरडा ऐकला. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला. आता खेळ बायकांचा नाही, असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. मैदानातली जागा मुलींनी खेळून मिळवली. स्टँडमधली जागा आपल्याला भांडून मिळवावी लागेल. तिथे बसायला, टाळ्या वाजवायला, आणि वेळ आली तर मालकाची मनसोक्त हुर्यो उडवायलाही!