लिटरली आणि जरा

परवा आमच्या टीममधली एक मुलगी डबा उघडताना म्हणाली, "आय ॲम लिटरली डाइंग ऑफ हंगर." तेव्हा वाजले होते सव्वाबारा, आणि साडेदहाला माझ्यासमोर बसून तिने दोन सँडविचं खाल्ली होती.

मंडळी, ह्या 'लिटरली'ने माझं डोकं उठवलंय. बरं, तो एकटा नाही. त्याचा भाऊ 'सुपर' आहे : सुपर टायर्ड, सुपर एक्सायटेड, सुपर क्विक कॉल (हा पाऊण तास चालतो). 'टोटली' आहे. 'इन्सेन' आहे. कँटीनची कॉफी इन्सेन, ट्रॅफिक इन्सेन, नवीन फोनचा कॅमेराही इन्सेन. म्हणजे चांगलं की वाईट हे चेहरा बघून ठरवायचं!

आमच्या फणसवाडीत मी ह्याच्या अगदी उलटी भाषा ऐकत वाढलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावचं मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि बीकेसीला जायला मला दादरच्या पुलावरची ढकलाढकली उरली नाही. ऑफिसात म्हणाले, "ड्यूड, धिस इज लिटरली लाइफ-चेंजिंग!" बाबांना घरी येऊन सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरी सोय झाली." संपलं.

आता तुम्ही म्हणाल, भाषा बदलतेच, तुला काय त्रास? मान्य. इंग्रजीतला साधा 'व्हेरी' मुळात 'खरा' ह्या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. तो झिजला, मग 'रिअली' आला, आता 'लिटरली'. माणसांना आपलं खरं वाटावं म्हणून दर काही वर्षांनी खरेपणाचा नवा शब्द लागतो. 'लिटरली'ची ही अतिशयोक्तीही आजची नाही. ऑक्सफर्डच्या कोशातली तिची नोंद १७६९ पर्यंत मागे जाते, आणि मेरियम-वेबस्टरने १९०९ पासून तिला जागा दिली आहे. आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? 'भयंकर सुंदर' म्हणतो, 'मरणाचं ऊन' म्हणतो. आपला घरचा वाटणारा 'खूप'सुद्धा फारसी 'खूब'वरून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता 'चांगला'. तेव्हा शुद्ध भाषेची काठी घेऊन मी आलेलो नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. तो धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो.

सर्व्हरच्या लॉगमध्ये संदेशांना पातळ्या असतात. सिसलॉगमध्ये आठ : शून्य म्हणजे 'इमर्जन्सी', सात म्हणजे 'डीबग'. एखादा उत्साही प्रोग्रॅमर प्रत्येक फुटकळ गोष्ट 'क्रिटिकल' म्हणून लिहितो. पहिले दोन दिवस सगळे धावतात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी ते अलर्ट म्यूट करतो. मग एका रात्री खरंच डिस्क भरते आणि कोणाचंही लक्ष नसतं. म्हणजे ओरडणाऱ्याचं काही जात नाही. बिघडतो तो ऐकणाऱ्याचा कान.

माझा बिघडला होता. हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

सकाळची मीटिंग चालू होती. कोणाचं तरी रिलीज 'सुपर सुपर क्रिटिकल' होतं. बाबांचा फोन आला. म्हणाले, "जरा छातीत जड वाटतंय. विशेष काही नाही. जमलं तर लवकर ये." मी म्हटलं, "ॲसिडिटी असेल बाबा, इनो घ्या. संध्याकाळी बघू." आणि परत रिलीजकडे वळलो.

बाबांनी इनोसाठी शेजारच्या काकूंचं दार वाजवलं. त्यांनाही तेच सांगितलं, शब्दाला शब्द तेच. काकूंनी गॅस बंद केला, खालून टॅक्सी बोलावली आणि वीस मिनिटांत बाबा हॉस्पिटलमध्ये होते. दोन ब्लॉकेज निघाले. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. आता ठीक आहेत.

रात्री आयसीयूच्या बाहेर मी काकूंना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "अरे, तीस वर्षं ओळखते मी त्यांना. पाय मोडला होता तेव्हासुद्धा 'मुरगळलाय' म्हणाले होते. ते आपणहून 'जरा' म्हणतात म्हणजे काय रे?"

खरं सांगायचं तर मला ह्याचं उत्तर देता आलं नाही. बाबा काही कमी बोलले नव्हते. त्यांच्या मापाने ते ओरडलेच होते. पण दिवसभर दर दोन मिनिटांनी कोणीतरी मरत असलेलं ऐकून ऐकून माझ्या डोक्यातला काटा असा सरकला होता, की 'जरा' हा शब्द मला शून्यच वाटला. माझा राग 'लिटरली'वर आहे तो ह्यासाठी. व्याकरणासाठी नाही.

असो. ऑफिसात मी कोणाला टोकत नाही. शब्द दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर कोणी जेवायला बसत नाही :) पण दोन गोष्टी ठरवल्यात. एक, मेलमध्ये 'अर्जंट' लिहिण्याआधी मी स्वतःला विचारतो, उद्या केलं तर काय होईल? निम्म्या वेळा तो शब्द खोडावा लागतो. दुसरी, घरून 'जरा', 'थोडंसं', 'विशेष काही नाही' असं कानावर आलं की हातातलं काम ठेवून आणखी एक प्रश्न विचारायचा.

काल संध्याकाळी बाबा गॅलरीत बसल्याबसल्या म्हणाले, "विनय हेल्थ होमची मिसळ जरा खावीशी वाटतेय."

हा 'जरा' किती मोठा आहे ते आता मला बरोबर कळतं. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हटलं.