रिकाम्या आसनाचे अर्थकारण

मे महिन्याच्या सुटीत किंवा दिवाळीच्या तोंडावर मुंबई विमानतळावर गेले, तर चेक-इन काउंटरच्या एका कडेला सामान पायाशी घेऊन उभी असलेली काही माणसे हमखास दिसतात. त्यांच्याजवळ तिकीट असते, पण आसन नसते. काउंटर बंद होण्यास थोडा अवधी उरला, की आतील कर्मचारी यादीतील एकेक नाव पुकारतो. ज्याचे नाव येते तो बोर्डिंग पास घेऊन धावत सुटतो. उरलेले पुढच्या विमानाची वेळ विचारू लागतात. ही मंडळी विमान कंपन्यांची कर्मचारी, निवृत्त कर्मचारी किंवा त्यांचे आईवडील असतात. 'विमान कंपनीत नोकरी म्हणजे जगभर फुकट प्रवास', या समजुतीची खरी बाजू पाहायची असेल, तर ती या रांगेत दिसते.

एअर इंडियातील जुनी मंडळी या सवलतीला 'पॅसेज' म्हणत. त्यात दोन प्रकार असत. आसन निश्चित असलेले तिकीट ते 'फर्म' आणि जागा उरली तरच चालणारे ते 'सब्लो'. पहिले मोजके, दुसऱ्याचा भरवसा नाही. जगातील बहुतेक कंपन्यांत हीच विभागणी वेगवेगळ्या नावांनी आढळते. दुसऱ्या कंपनीच्या विमानातून जायचे असल्यास मूळ भाड्यात नव्वद टक्के सूट किंवा 'झेड' या नावाने ओळखली जाणारी, अंतरानुसार ठरवलेली आकारणी लागू होते. अशा तिकिटावरही बहुधा विमानतळाचे शुल्क आणि कर भरावे लागतात. म्हणजे प्रवास सर्वस्वी फुकट नसतो.

कंपन्या ही सवलत देतात, यामागे औदार्यापेक्षा हिशेब अधिक आहे. विमानातील आसन हा जगातील सर्वांत नाशवंत माल होय. दरवाजा बंद झाला, की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. त्या आसनावर कर्मचारी बसला, तर कंपनीचा खर्च नाममात्र वाढतो. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यात हेच तत्त्व शब्दबद्ध झाले आहे. ज्या सेवेसाठी मालकाला फारसा जादा खर्च येत नाही आणि उत्पन्नही बुडत नाही, ती सेवा कर्मचाऱ्याच्या हाती करमुक्त राहते. विमानप्रवासाच्या बाबतीत तर या सवलतीत कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचाही समावेश केलेला आहे. आपल्याकडे १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतही मोफत प्रवासाच्या सुविधेवरील आकारणीतून विमान कंपन्या आणि रेल्वे यांच्या कर्मचाऱ्यांना वगळण्यात आले होते. थोडक्यात, कर्मचाऱ्याला मोठी वाटणारी आणि मालकाला स्वस्त पडणारी अशी ही वेतनाची जोड आहे.

मात्र हा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे, ते म्हणजे विमानात जागा रिकामी राहते. १९७० च्या दशकाच्या आरंभी जगभरच्या विमानांतील निम्म्याहून थोडीच अधिक आसने भरत असत. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे 'आयाटा'च्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये हे प्रमाण ८३.५ टक्के या विक्रमी पातळीवर पोहोचले. १८० आसनांच्या विमानाचा विचार केला, तर पूर्वी सरासरीने ८० जागा रिकाम्या असत, त्या आता ३० वर आल्या आहेत. शिवाय ही केवळ सरासरी झाली. मंगळवारच्या दुपारी ५० जागा रिकाम्या असतील, तर शुक्रवारच्या संध्याकाळी एकही नसते. आणि कर्मचाऱ्यालाही घरी जायचे असते ते शुक्रवारीच. मागणीनुसार क्षणाक्षणाला भाडे बदलणारी संगणक प्रणाली आल्यापासून शेवटचे आसनही विकण्याचे कौशल्य कंपन्यांनी साधले आहे. ज्या कार्यक्षमतेमुळे कंपनी नफ्यात येते, तीच कर्मचाऱ्याच्या सवलतीचा संकोच करते.

अशा परिस्थितीत आसन मिळवणे हे एक शास्त्रच बनले आहे आणि अनुभवी कर्मचारी ते काटेकोरपणे पाळतात. पहिली पायरी नाव नोंदवण्याची. नोंद म्हणजे आरक्षण नव्हे, परंतु नोंद नसेल तर यादीत स्थानच नाही. दुसरी पायरी विमानातील विक्रीचा अंदाज घेण्याची. किती आसने विकली गेली, क्षमतेपेक्षा अधिक तिकिटे दिली आहेत काय, आपल्या आधी यादीत किती जण आहेत, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. दहा जागा शिल्लक आणि यादीत बारा ज्येष्ठ, तर त्या दहा जागांचा उपयोग नाही. उलट, विमान कागदोपत्री भरलेले असले, तरी काही प्रवासी येत नाहीत आणि काहींचे जोडविमान चुकते. त्यामुळे दोनतीन जागा अखेरच्या क्षणी मोकळ्या होतात.

पहाटेचे पहिले विमान धरण्याचा सल्ला जुने लोक देतात, त्यालाही कारण आहे. पहिल्या विमानात जागा न मिळालेले सर्व जण दुसऱ्याच्या यादीत जमा होतात, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. दिवस सरत जातो तशी रांग लांबते आणि उरलेली विमाने कमी होत जातात. म्हणून दिवसातून एकच विमान असलेल्या गावापेक्षा पाचसहा विमाने असलेल्या मार्गाने जाऊन पुढचा टप्पा रेल्वेने किंवा एसटीने गाठणे शहाणपणाचे ठरते. चौघांच्या कुटुंबाने दोघादोघांत विभागून जाण्याची तयारी ठेवावी लागते. सामान हातात मावेल इतकेच असावे, कारण उतरवून ठेवलेल्या मोठ्या बॅगेसाठी कोणी विमान थांबवत नाही. लेहसारख्या उंचावरील विमानतळावर तर जागा असूनही वजनाच्या मर्यादेमुळे नाव मागे पडू शकते. परदेशात जाताना व्हिसाची मुदत आणि परतीच्या पूर्ण भाड्याच्या तिकिटाचे पैसे, या दोहोंची तरतूद हवी. लग्न, परीक्षा किंवा शस्त्रक्रिया यांसाठी जायचे असेल, तर सवलत बाजूला ठेवून सरळ तिकीट काढावे, असेच बहुतेक जण सांगतील.

अग्रक्रम कसा ठरतो, हा सर्वांत नाजूक प्रश्न. कामावर निघालेले वैमानिक आणि केबिन कर्मचारी सर्वांत आधी, कारण ते पोहोचले नाहीत तर पुढचे विमानच उडणार नाही. त्यानंतर सहसा कंपनीचे स्वतःचे कर्मचारी, मग निवृत्त आणि शेवटी इतर कंपन्यांचे. काही कंपन्यांत रुजू झाल्याची तारीख मोजतात, तर काहींत चेक-इनची वेळ. पहिल्या पद्धतीत नवख्यांवर अन्याय होतो. दुसरीत दूर राहणाऱ्यांवर.

कामावरचा प्रवास आणि हौसेचा प्रवास यांतील भेद सामान्य प्रवाशाला ठाऊक नसतो आणि कंपन्याही तो नीट समजावत नाहीत. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोहून लुइव्हिलला निघालेल्या युनायटेड एक्स्प्रेसच्या विमानातून एका प्रवाशाला फरफटत बाहेर काढण्यात आले, ते चार कर्मचाऱ्यांना ड्यूटीसाठी लुइव्हिलला पोहोचवण्याकरिता. त्या दृश्याने जगभर संताप उसळला. पुढे कंपनीने नियम बदलला. कामावर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची नोंद उड्डाणाच्या किमान ६० मिनिटे आधी व्हावी आणि आसन सोडणाऱ्या प्रवाशाला १० हजार डॉलरपर्यंत मोबदला देता यावा, असे ठरले. सवलतीवर हौसेने निघालेल्या कर्मचाऱ्यासाठी पैसे भरलेल्या प्रवाशाला उठवले जात नाही. पण नियम गुप्त राहिले, की संशयाला जागा उरते. सवलतीचा दुरुपयोग झाला, तर हा संशय आणखी बळावतो. २०२३ मध्ये दुबई-दिल्ली उड्डाणात प्रवासी म्हणून निघालेल्या कर्मचाऱ्याला कॉकपिटमध्ये बसू दिल्याबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड केला होता, हे विसरता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला, या कर्मचाऱ्याला प्रवासी म्हणून हक्क जवळपास नसतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमावलीतून मोफत किंवा जनतेला उपलब्ध नसलेल्या सवलतीच्या दरात प्रवास करणारे स्पष्टपणे वगळलेले आहेत. गोंधळाच्या दिवसांत तर ते यादीच्या तळाशी जातात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा अडकलेल्या प्रवाशांनाच जागा पुरत नव्हत्या. अशा वेळी 'सब्लो' तिकीट हा नुसता कागद असतो.

मूळ प्रश्न असा, की ही सवलत वेतनाचा भाग आहे की मालकाची मेहेरबानी? सरकारी एअर इंडियात ती हक्कासारखी मानली जाई. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटा समूहाकडे गेली, तेव्हा तिच्या १२,०८५ कर्मचाऱ्यांपैकी ८,०८४ कायम होते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तांचे वैद्यकीय लाभ यांची चर्चा जाहीरपणे झाली, कारण त्यांना कायद्याचा किंवा लेखी हमीचा आधार होता. प्रवास सवलतीला तसा भक्कम आधार नसतो. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले आणि हजारो कर्मचाऱ्यांच्या थकीत पगाराबरोबर त्यांच्या सवलतीही संपल्या. थकीत पगाराचा दावा तरी दाखल करता येतो. न उडणाऱ्या विमानातील रिकाम्या आसनाचा दावा कोणासमोर करणार? वीसपंचवीस वर्षे रात्रपाळ्या करून 'निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेला जाऊ' असे ठरवणाऱ्याची ही कमाई अशी एका दिवसात नाहीशी होते.

नोकरीच्या मुलाखतीत ही सवलत पगाराइतक्याच जोरात सांगितली जात असेल, तर तिचे नियमही पगाराइतकेच स्पष्ट असावेत. वर्षातून एकदोन फेऱ्या निश्चित आसनाच्या असाव्यात, जवळच्या नातलगाच्या मृत्यूसारख्या प्रसंगी वेगळा अग्रक्रम मिळावा आणि निवृत्तांचे लाभ सेवाशर्तींत लेखी असावेत. यासाठी कंपन्यांना फार खर्च येणार नाही. नव्याने रुजू होणाऱ्या तरुणांनीही पगाराची बोलणी करताना या सवलतीची किंमत शून्य धरावी. जागा मिळाली तर आनंद मानावा, पण तिच्या भरवशावर कमी पगार पत्करू नये.